क्रातोवो दोन दिवसांत: आधी नदी, मग धातू, शेवटी बुरूज

राजधानी स्कोप्येहून सकाळी यायचं, बुरुजांचे फोटो काढायचे आणि दुपारची बस धरून परत फिरायचं, असं क्रातोवोत बहुतेक जण करतात. गाव पाहून होतं, पण उमगत नाही. उत्तर मॅसिडोनियाच्या ईशान्येला, ओसोगोवो डोंगररांगेच्या पश्चिम अंगाला हे गाव आहे. एवढ्याशा वस्तीत किल्ल्याला शोभतील असे बुरूज कशाला आणि हाकेच्या अंतरावर एकेक दगडी पूल कशाला, याचं कारण भोवतालच्या डोंगरांच्या पोटात आहे: शिसं, जस्त, तांबं आणि शिशाच्या खनिजात दडलेली चांदी. म्हणून इथे क्रम उलटा ठेवावा. आधी नदी, मग धातू, बुरूज शेवटी. दोन पूर्ण दिवस आणि एक मुक्काम हवा.

जायचं कसं

स्कोप्ये ते क्रातोवो सुमारे ८० किलोमीटर. कुमानोवोवरून क्रिवा पालांकाच्या रस्त्याला लागायचं आणि स्त्रात्सिननंतर दक्षिणेकडे वळायचं. स्कोप्येच्या मुख्य बसस्थानकावरून बस मिळते, पण उतरल्यावर पहिलं काम म्हणजे परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून लिहून घेणं. रविवारी आणि सणासुदीला फेऱ्या कमी असतात.

पाट्या सिरिलिक लिपीत असतात. त्या लिपीतलं इंग्रजी 'पी'सारखं दिसणारं अक्षर 'र' असतं आणि 'बी'सारखं दिसणारं 'व'. त्यामुळे इंग्रजीच्या सवयीने वाचलं तर बसवर 'क्पाटोबो' लिहिलेलं दिसेल. तीच आपली बस.

चलन देनार. एका युरोला साधारण ६१.५ देनार हा दर वर्षानुवर्षं जवळपास स्थिर आहे, त्यामुळे हिशेब सोपा पडतो. रोख रक्कम स्कोप्ये किंवा कुमानोवोतच काढा आणि सुट्टे ठेवा. उरलेले देनार देश सोडण्याआधी संपवा किंवा बदला, कारण बाहेर ते कोणी सहसा घेत नाही. हॉटेलात उतरलात तर परदेशी पाहुण्याची पोलिसांकडची नोंद हॉटेल करतं. खाजगी घरात राहिलात तर ती ४८ तासांत झाली आहे ना, हे घरमालकाला आठवणीने विचारा.

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. हिवाळ्यात गल्ल्यांतल्या दगडी फरसबंदीवर बर्फाचा पातळ थर बसतो. या फरसबंदीला इथे काल्द्रमा म्हणतात. गुळगुळीत झालेले गोटे, त्यात उतार, त्यात ओल: चामड्याच्या तळव्याचे बूट घातले तर घसरगुंडी ठरलेलीच. खाचा असलेला रबरी तळवा हवा.

पहिली सकाळ: पात्रात उतरा

क्रातोवो एका विझलेल्या ज्वालामुखीच्या जुन्या मुखात वसलं आहे. सह्याद्रीसारखे पातळ लाव्हाचे आडवे, कठीण थर इथे शोधू नका. इथला लाव्हा चिकट होता. तो स्फोट होऊन उडाला आणि राखेचे जाड थर साचले. त्या राखेपासून झालेला दगड, म्हणजे टफ, मऊ असतो. पाणी तो लोण्यासारखा कापतं. म्हणून गावातले ओढे रुंद न होता खोल झाले, आणि एका काठावरून दुसऱ्यावर जायचं तर पुलाला पर्याय उरला नाही.

बाजारपेठेतून सुरुवात करा. तिला चार्शी म्हणतात, आणि तिथलाच पूल चार्शिस्की मोस्त. मोस्त म्हणजे पूल. कठड्यावरून फोटो काढून पुढे जाऊ नका. काठाने खाली उतरायला वाट मिळेल तिथे उतरा आणि कमान खालून बघा. तीन गोष्टी तपासायच्या: कमानीचे पाय खडकावर टेकलेत की भरावावर, कमानीच्या दगडांचे सांधे किती अरुंद आहेत, आणि पुराच्या पाण्याची रेघ कुठवर चढली आहे. एवढ्या उंच कमानी का घातल्या, हे त्या रेघेवरून लगेच कळतं. डोंगरावर वळीव कोसळला की असे ओढे घटकाभरात फुगतात. आभाळ भरलं असेल तर पात्रात उतरूच नका, मग गावात ऊन का असेना.

गावातून वाहणाऱ्या ताबाच्का नदीचं नाव चांभारकीतून आलं आहे. कातडी कमावणारा तो ताबाक. वाहतं पाणी लागणारे धंदे ओढ्याकाठी, दुकानं चार्शीत आणि घरं उतारावर, ही मांडणी आजही पायी फिरताना कळते.

मग रादिन मोस्त. गावातला हा सर्वांत प्रसिद्ध पूल, आणि दंतकथाही त्याचीच: बांधकाम टिकेना म्हणून रादा नावाची सून भिंतीत चिणली. ही कथा बाल्कनमध्ये पुलोपुली भेटते, तेव्हा ती ऐकावी आणि सोडून द्यावी. पुलाच्या मधोमध उभं राहून दोन्ही काठांवरची घरं बघण्यात जास्त अर्थ आहे. दगडी तळमजला, वर लाकडी चौकट, आणि वरचा मजला गल्लीवर झुकलेला. सपाट जमीन दुर्मीळ असल्यामुळे जागा हवेत मिळवली आहे.

दुपार: धातूची भाषा

बुरुजांकडे वळण्याआधी धातू कसा काढत, हे डोक्यात पक्कं करा. खनिज म्हणजे मुख्यतः गॅलिना: शिसं आणि गंधकाचं चकचकीत, हातात जड लागणारं संयुग, ज्यात थोडी चांदी असते. ते फोडायचं, भाजून गंधक उडवायचं, मग कोळशाबरोबर भट्टीत वितळवायचं. भट्टीचे भाते पाणचक्कीवर चालवण्याचं तंत्र मध्ययुगात बाल्कनमध्ये आलेल्या सॅक्सन, म्हणजे जर्मन खाणकामगारांशी जोडलं जातं. इथे त्यांना सासी म्हणत. वितळलेलं शिसं राखेच्या उथळ मुशीत हवेच्या झोतात तापवलं की शिशाचं मुरदाडशिंग, म्हणजे ऑक्साइड होतं. काही राखेत मुरतं, काही निथळून जातं, आणि तळाशी चांदीचा गोळा उरतो. या कामाला कोळसा प्रचंड लागतो. जुन्या खाणींच्या मुलखात टेकड्या उघड्याबोडक्या होतात त्या यामुळे, आणि झाडं गेली की ओढ्यांचे पूर वाढतात.

ओढ्याच्या काठी आणि शेतांच्या बांधावर काळा, काचेसारखा किंवा जिलबीच्या पाकासारखा ओघळून गोठलेला दगड दिसला तर तो दगड नव्हे, धातुमळी. इथे तिला झ्गुरा म्हणतात. साधा काळा ज्वालामुखी दगड आणि झ्गुरा यांत गल्लत होते. ओळख अशी: मळीत बुडबुड्यांची गोल छिद्रं असतात, एका बाजूला ओघळ असतो, आणि आकारमानाच्या मानाने ती जड लागते. उचलून पाहिली तर हात धुवा, त्यात शिसं असतं. पिशवीत घालून घरी आणू नका.

गावांची नावंही वाचा. जवळच्या शोप्स्को रुदारे या नावातला 'रुदा' म्हणजे खनिज. खाण म्हणजे रुद्निक.

डोंगरात जुन्या आडव्या बोगद्यांची तोंडं दिसतील. आत पाऊल टाकू नका. इथला खडक गरम द्रावणांनी कुजून चिकणमातीसारखा झालेला असतो, त्यामुळे छत आधाराशिवाय टिकत नाही. बंद टोकाला हवा मेलेली असते, आणि पुढच्या अंधारात पाण्याने भरलेला विहिरीसारखा खड्डा असू शकतो. बोगद्यातून नारिंगी पाणी झिरपत असेल तर ते पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, हवेत कुजून झालेलं आम्लधर्मी पाणी आहे. त्याच्या खालच्या बाजूचं ओढ्याचं पाणी पिऊ नये, बाटलीही विसळू नये. पिण्यासाठी गावातली चेश्मा गाठा. आपल्या नाकावर बसतो तो चष्मा आणि ही पाण्याची तोटी, दोन्ही शब्द फारसीतूनच प्रवासाला निघाले.

हे सगळं इतिहासजमा झालेलं नाही. दक्षिणेला झ्लेतोवोची शिसं-जस्ताची खाण विसाव्या शतकातली, आणि प्रोबिश्तिप हे गाव तिच्यामुळेच वाढलं. क्रातोवोजवळच्या प्लाव्हिका डोंगरात तांबं आणि सोनं आहे. खाणीचा विषय गावकऱ्यांशी बोलताना जपून काढा. कुणाला नोकरी दिसते, कुणाला पाणी.

संध्याकाळ: बुरूज

बुरुजाला इथे 'कुला' म्हणतात. हसू आवरा आणि पुढे वाचा. पूर्वी जास्त होते, आता सहा उरले: सिमिचेव्हा, झ्लात्कोव्हा, क्रस्तेव्हा, हाजी-कोस्तोव्हा, एमिन-बेगोव्हा आणि सात-कुला, म्हणजे घड्याळाचा बुरूज. यातला 'सात' आणि आपली लग्नाची 'साइत' एकाच अरबी शब्दाची लेकरं.

बुरूज खालून वर वाचायचा. तळाशी जाड भिंती आणि जेमतेम फट, कारण तिथे माल आणि संपत्ती. मधल्या मजल्यांवर जिने अरुंद, एका वेळी एकच माणूस चढेल असे. खिडक्या मोठ्या होतात त्या अगदी वर, जिथे राहायचं असे. म्हणजे ही एकाच वेळी तिजोरी आणि घर. चांदीच्या गावात ही गरज काल्पनिक नव्हती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मुलूख उस्मानी (ऑटोमन तुर्की) सत्तेखाली गेला, पुढे इथे सुलतानाची टांकसाळ चालली, आणि १६८९ साली कार्पोश या बंडखोर म्होरक्याचा त्या सत्तेविरुद्धचा उठाव याच टापूत भडकला. तो मोडला गेला, कार्पोशला स्कोप्येत मारलं, आणि त्यानंतर खाणींना उतरती कळा लागली.

आतून पाहायला सिमिचेव्हा कुला सर्वांत समाधान देतो. बुरूज बंद दिसला म्हणून परत फिरू नका. किल्ली बहुधा गावातच असते, संग्रहालयात किंवा पालिकेच्या कार्यालयात विचारा. ही विचारपूस सकाळीच उरकून घ्या, संध्याकाळी पाचला किल्लीवाला सापडत नाही. आत टॉर्च लागतो, आणि उतरताना जिन्याकडे तोंड करून उतरायचं.

जेवणात शाकाहाऱ्यांनी एक शब्द पाठ करावा: पोस्नो. ऑर्थोडॉक्स उपवासाचं जेवण, म्हणजे मांस, दूध, अंडी वर्ज्य. मासे मात्र कधी कधी चालतात, तेव्हा 'बेझ रिबा', मासे नको, हेही जोडा. तावचे-ग्रावचे, म्हणजे मातीच्या भांड्यात भाजलेला घेवडा, पोटभरीचा असतो. पण त्यात कधी सॉसेज टाकतात, म्हणून आधी विचारा.

दुसरा दिवस: कुक्लित्सा आणि लेस्नोवो

दोन्हीसाठी गाडी हवी. टॅक्सी ठरवताना जाणं, थांबणं आणि येणं असा एकच आकडा देनारमध्ये आधी ठरवून घ्या.

कुक्लित्सा क्रातोवोच्या वायव्येला सुमारे ८ किलोमीटरवर. इथे शंभराहून जास्त दगडी सुळके बाहुल्यांसारखे उभे आहेत. वर कठीण दगडाची टोपी, खाली मऊ टफ. टोपी असेपर्यंत खालचा खांब पावसापासून वाचतो, ती पडली की खांब झपाट्याने झिजतो. गावकऱ्यांची गोष्ट वेगळी आहे: एकाच दिवशी दोघींशी लग्न ठरवणाऱ्या नवऱ्याचं वऱ्हाड पहिल्या नवरीच्या शापाने दगड झालं. सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात सुळके सुटे दिसतात, दुपारी सगळं पांढरट आणि सपाट. खांबांना टेकू नका, चढू नका, पायथ्याची माती उकरू नका. सावली नाही, माणशी लिटरभर पाणी ठेवा.

तिथून लेस्नोवो मठ. प्रोबिश्तिपच्या बाजूने रस्ता आहे. क्रातोवोहून पाऊण ते एक तास धरा, शेवटचा टप्पा वळणाचा. चर्च १३४१ साली योव्हान ओलिव्हर या सरदाराने बांधलं. आत गेल्यावर घाई करू नका, डोळ्यांना अंधार पचायला पाच मिनिटं द्या. मग ओलिव्हरची दोन चित्रं शोधा. एक मुख्य गाभाऱ्याच्या भागात, दुसरं नंतर जोडलेल्या पुढच्या दालनात, १३४९ च्या सुमाराचं. दुसऱ्यात पदवी वाढलेली आहे, आता तो 'देस्पॉट', म्हणजे दरबारातल्या सर्वांत वरच्या मानकऱ्यांपैकी एक. आठ वर्षांची बढती दोन भिंतींवर. त्याच दालनात स्तोत्रांच्या चित्रांमध्ये ढोलाच्या तालावर फेर धरलेली माणसं आहेत, ती चुकवू नका. लाकडी कोरीव पडदा मात्र १८११ ते १८१४ मधला, पेत्रे फिलिपोव्हस्की गार्काताच्या कारागिरीचा. पोपट, पानं, संत एकमेकांत असे गुंतलेत की बॅटरीचा झोत आडवा धरल्याशिवाय खोली कळत नाही. पण आधी परवानगी घ्या, आणि फ्लॅश मुळीच नाही.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मेणबत्ती लावायची तर वरच्या तबकात जिवंत माणसांसाठी, खालच्या तबकात गेलेल्यांसाठी. उलटं केलं तर शेजारची आजी हळूच उचलून वर ठेवेल. २१ नोव्हेंबरला देवदूत मिखाएलचा सण असतो. त्या दिवशी चित्रं बघायला जाऊ नका, गर्दी बघायची असेल तर जरूर जा.

मठाभोवतीच्या खडकात संन्याशांच्या गुहा आहेत. लेस्नोवोचा ज्वालामुखी दगड जात्यासाठी खणला जाई, त्याच्या खुणा गावाभोवती सापडतात: अर्धवट कोरून सोडलेला गोल दगड दिसला तर बहुधा मधेच तडा गेला म्हणून टाकलेला.

परतताना पुन्हा क्रातोवोकडे वळू नका. सामान सकाळीच गाडीत ठेवलं असेल तर प्रोबिश्तिपवरून सरळ श्तिपला उतरा, तिथून स्कोप्येच्या बस जास्त मिळतात.