ऑन्टारिओत ट्रकचं लायसन्स हवंय? जुन्या लायसन्सचं पत्र आधी मिळवा

कॅनडात ऑन्टारिओला येऊन ट्रक चालवायचा असेल, तर क्लास ए (ट्रेलर जोडलेल्या मोठ्या ट्रकचं लायसन्स) च्या आधी गाडीचं पूर्ण ‘जी’ लायसन्स लागतं. जी-वन (शिकाऊ) किंवा जी-टू (त्यानंतरचा मधला टप्पा) चालत नाही. नवे लोक इथेच अडकतात. नुसतं भारतातलं कार्ड दाखवलं, तर जास्तीत जास्त वर्षभराचाच अनुभव धरतात.

१. लायसन्स देणाऱ्या आरटीओकडून किंवा कॅनडातल्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडून लायसन्स खरं असल्याचं पत्र घ्या. निघण्यापूर्वीच घेतलेलं बरं, परदेशातून खेटे कोण घालणार!
२. पत्रात लायसन्स पहिल्यांदा मिळाल्याची तारीख हवी, नूतनीकरणाची नव्हे. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन्अक्षर जुळवा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, हा घोळ हमखास असतो.
३. दोन वर्षांहून जास्त अनुभव मान्य झाला, की लेखी परीक्षेनंतर थेट जी ची रोड टेस्ट देता येते.

क्लास ए चं किमान १०३.५ तासांचं सक्तीचं प्रशिक्षण त्यानंतर.

मात्र थेट जी टेस्टला चार-दोन क्लास लावूनच जा. पहिल्याच प्रयत्नात नापास झालात, तर आधी जी-टू ची टेस्ट द्यावी लागते.