फँटसी कादंबरीमालेवरून आरपीजी करू पाहणाऱ्यांसाठी

सोलापुरातून गेम-डिझाइनकडे वळू पाहणारी मुले-मुली भेटतात, तेव्हा बहुतेकांच्या वहीत एक तक्ता असतो. डावीकडे आवडत्या फँटसी कादंबरीमालेची प्रकरणे आणि उजवीकडे प्रत्येक प्रकरणासमोर एक क्वेस्ट, म्हणजे खेळाडूला द्यायची कामगिरी. हा तक्ता पाहिला की मला आजही धास्ती वाटते, कारण असाच तक्ता आमच्या पहिल्या गेमच्या मुळावर उठला होता. म्हणून या लेखातला सर्वाधिक भाग मी त्या तक्त्यावर खर्च करणार आहे. गेम बनवण्याचे इंजिन (सॉफ्टवेअर) म्हणून युनिटी घ्यावे की गोडो, लॅपटॉप कोणता असावा, संवादांच्या शाखा कशा बांधतात, हे तुम्ही आधीच वाचलेले असेल असे गृहीत धरते.

मी इथेच अभियांत्रिकी शिकले आणि नंतर एका मराठी त्रिखंडी कादंबरीमालेवरून आरपीजी, म्हणजे खेळाडू एका पात्राची भूमिका घेऊन खेळतो तो रोल-प्लेइंग गेम, करणाऱ्या लहानशा गटात कथा आणि नियमांची जबाबदारी घेतली. गटातले निम्मे लोक पुण्यात असल्यामुळे आमच्या कित्येक बैठकांची तयारी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये झाली आहे. गेम अजून प्रकाशित व्हायचा आहे, त्यामुळे मालेचे नाव घेत नाही. मात्र लेखिकेच्या परवानगीने तिच्यातली काही उदाहरणे देते.

त्या मालेतले जग आटलेल्या तळ्यांचे आणि खोल बारवांचे आहे. नायिकेला जमिनीतले पाणी वर बोलावता येते, पण दर वेळी त्याच्या बदल्यात तिची एक आठवण कायमची जाते. तिन्ही खंड मिळून ती हे तीनदाच करते. पहिल्यांदा ती आजीचा आवाज विसरते, दुसऱ्यांदा गावाची वाट विसरते आणि तिसऱ्यांदा स्वतःचे नाव. वाचताना प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो. आम्ही साहजिकच हे तीन प्रसंग तक्त्यात सर्वांत वर लिहिले आणि पाणी बोलावण्याची विद्या कंट्रोलरच्या एका बटणावर ठेवली.

नवख्या माणसाला न दिसणारा सापळा इथेच असतो. कादंबरीतली गोष्ट एकदा घडते, आणि ती केव्हा घडावी हे लेखक ठरवतो. आरपीजीतली गोष्ट खेळाडूला वाटेल तेव्हा आणि वाटेल तितक्या वेळा घडते. आमच्या चाचणीत खेळाडू अर्ध्या तासात इतक्यांदा पाणी बोलावत, की ‘एक आठवण गेली’ ही सूचना थोड्याच वेळात कोणी वाचेनासे झाले. आम्ही किंमत वाढवली, म्हणजे दर वेळी मोठी आठवण जाईल असे केले. तेव्हा खेळाडूंनी ती विद्या वापरणेच सोडले आणि नुसत्या काठीने लढून गेम संपवल्याचे अभिमानाने सांगितले. मग आम्ही विद्या बटणावरून काढली आणि पुस्तकातल्या तीन जागीच ती आपोआप घडवली. त्यावर एका खेळाडूने विचारले, “मग यात मी काय केले?” तिन्ही उपाय फसले, कारण तिन्ही त्याच तक्त्यातून निघाले होते. आम्ही पुस्तकातले प्रसंग हलवत होतो. त्या जगात रोज काय चालते, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते.

या मुद्द्यावर मी लांबण लावते आहे याची मला जाणीव आहे, पण हे एकदा नीट समजले की बाकीचे बरेचसे आपसूक सुटते. सोलापूरच्या वाचकाला चादरीचे उदाहरण पटेल. मागावर मोर विणायचा असेल, तर चित्रकाराचे चित्र थेट मागावर चढत नाही. आधी ते ग्राफच्या कागदावर चौकटी-चौकटीने उतरवावे लागते, त्यावरून जकार्डची छिद्रांची कार्डे तयार होतात आणि मग तोच मोर कापडभर पुन्हा पुन्हा उमटतो. कादंबरीतला प्रसंग हे चित्र आहे, आणि खेळाडूच्या हाती द्यायची ती कार्डे असतात.

आमची वाट मोकळी झाली ती पुस्तकाच्या कोपऱ्यातल्या एका तपशिलाने. त्या जगातली साधी माणसे आपल्या आठवणी जाऊ नयेत म्हणून कमरेच्या दोऱ्याला गाठी मारून ठेवतात. तिन्ही खंडांत हा उल्लेख ओघात येऊन जातो, आणि प्रकरणांच्या तक्त्यात त्याला जागाच नव्हती. आम्ही हा दोरा गेमच्या मध्यभागी आणला. खेळाडूला मोजक्या गाठी मिळतात आणि कोणत्या आठवणी बांधायच्या ते तो स्वतः ठरवतो. पाणी बोलावले की न बांधलेल्यांपैकी एक आठवण जाते, आणि तिच्याशी जोडलेले संवादाचे पर्यायही जातात. ज्याने वाटेची आठवण बांधली आणि आजीची सोडून दिली, त्याला गावी परत गेल्यावर आजीशी परक्या बाईशी बोलावे तसे बोलावे लागते. पुस्तकात हा प्रसंग नाही. तरीही लेखिका म्हणाल्या की हा आमच्याच जगातला आहे, आणि त्या दिवशी मला हे काम पहिल्यांदा खरोखर कळले.

मोठ्या गेममध्येही हेच दिसते. आंद्झेय सापकोव्स्की यांची ‘विचर’ची पहिली कथा 1986 साली एका पोलिश मासिकात आली. तिच्यात राक्षसांची शिकार करणारा नायक गेराल्ट एका राक्षसीला सामोरा जाण्यापूर्वी सामान्य माणसाला विषासमान ठरणारी औषधे पितो. कथेत हे एका रात्रीचे वर्णन आहे. सीडी प्रोजेक्ट रेड या गेम-कंपनीने 2007 च्या पहिल्या गेममध्ये त्याचा नियम केला : औषध प्याले की बळ वाढते, पण अंगातले विषही वाढते, आणि मर्यादा ओलांडली तर जीव धोक्यात येतो. एका वर्णनातून शेकडो लढायांना पुरेल असा निर्णय निघाला. शिवाय त्यांनी कादंबऱ्यांचे कथानक पुन्हा सांगितले नाही. गेम कादंबऱ्यांनंतरच्या काळात ठेवला आणि गेराल्टची स्मृती गेलेली दाखवली, म्हणजे पुस्तके न वाचलेला खेळाडूही नायकाबरोबर ते जग नव्याने ओळखू शकतो. त्याआधी 1993 साली डायनॅमिक्स या कंपनीने फँटसी-लेखक रेमंड फाइस्ट यांच्या कादंबऱ्यांतल्या जगावर ‘बिट्रेयल अ‍ॅट क्रॉन्डोर’ हा गेम केला. त्याची मांडणी पुस्तकासारखी प्रकरणांची असली, तरी कथा नवी होती. पुढे 1998 साली फाइस्ट यांनीच त्या गेमवरून कादंबरी लिहिली. म्हणून मूळ कथानक सोडले तर चाहते रागावतील, ही भीती फार मनावर घेऊ नका. चाहत्यांना त्या जगाचे नियम मोडलेले खुपतात. नवी कथा ते आनंदाने स्वीकारतात.

तेव्हा पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हाती घ्या आणि लोक सवयीने काय करतात तेवढेच खुणावत जा : काय खातात, उधारी कशी चुकवतात, कशाला भितात, जखमेवर काय लावतात, रात्री कोणत्या वाटेने जात नाहीत. प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारा, की हे खेळाडूने रोज केले तर काय होईल? ज्या खुणेतून रोज वेगळा निर्णय निघेल ती ठेवा. मोठे युद्ध, राज्याभिषेक, गुरूचा मृत्यू हे सगळे तूर्त बाजूला राहू द्या; त्यांची जागा नंतर आपोआप सापडते.

यानंतर लगेच संगणकाकडे धावू नका. फासे, पत्ते आणि वहीचे कागद घेऊन ज्यांनी पुस्तक वाचलेलेच नाही अशा माणसांबरोबर खेळा. माझा आतेभाऊ कधी कादंबरी हाती घेत नाही. दोऱ्याचा नियम कागदावर खेळताना त्याने दुसऱ्याच डावात विचारले, “ताई, मी आजीला विसरलो, पण आजी मला विसरली का?” आमच्या एवढ्या बैठकांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि गेमच्या उत्तरार्धाचा बराच भाग त्याच्यावर उभा आहे.

मार्गदर्शकांविषयी माझे मत ठाम आहे, ते अनेकांना आवडत नाही. आरपीजीच्या लेखनासाठी प्रोग्रामरपेक्षा नाटकवाल्याकडे शिकावे. इथल्या हौशी रंगभूमीवरच्या एका दिग्दर्शकांनी माझे संवाद मला मोठ्याने वाचायला लावले आणि जिथे श्वास अडखळला तिथे रेघ मारली. त्या रेघांनी मला जे शिकवले ते कोणत्याही विकतच्या कोर्सने शिकवले नाही. ‘तीस दिवसांत गेम-रायटर’ असली आमिषे तर सरळ टाळा. उपकथा यंत्राकडून लिहून घेण्याचा मोहही टाळा. तसे संवाद चुकीचे नसतात, पण गावातला लोहार, सावकार आणि वैदू एकाच तोंडाने बोलू लागतात, आणि खेळाडू तिसऱ्या माणसापाशीच वाचणे सोडतो.

याबाबतीत सोलापूरकरांना मोठा लाभ आहे, आणि तो कमी लेखू नका. पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीत सकाळभर उभे राहिलात तर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही भाषा कानावर पडतात, आणि एकच माणूस दुकानदाराशी एका भाषेत अन् आईशी दुसऱ्या भाषेत बोलताना दिसतो. कोण कोणाशी कसे बोलतो, कुठे ‘तुम्ही’ आणि कुठे ‘तू’ येते, भाषा बदलली की नाते कसे बदलते, हे काल्पनिक राज्यांतल्या जमाती लिहिताना थेट उपयोगी पडते. मोठ्या शहरात नाही म्हणून मागे पडलो, असे मानणाऱ्यांना मी हेच सांगते.

मराठीतून गेम करणार असाल तर पहिल्याच दिवशी इंजिनात ‘द्वंद्व’, ‘किल्ला’ आणि ‘विद्यार्थ्यांनी’ हे शब्द छापून पाहा. युनिटीचे अक्षरे दाखवणारे साधन, टेक्स्टमेशप्रो, देवनागरीची जोडणी स्वतःहून करत नाही. जोडाक्षरे सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून ही जोडणी इंजिनातच होते.

आता हक्कांविषयी, आणि इथे मी कठोरपणे सांगते : लेखकाची तोंडी परवानगी घेऊन एक ओळही लिहू नका. लेखक कितीही जवळचे असोत, घरचे असोत. भारतीय कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 19 नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीचे असावे लागते, आणि परवान्यालाही हेच नियम लागू होतात. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची मानली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता हक्क मिळतो, म्हणजे तुम्ही गेम जगभर विकू शकत नाही. याहून घातक तरतूद अशी, की करारात वेगळे लिहिले नसेल आणि वर्षभरात तुम्ही तो हक्क वापरला नाही, तर तो संपुष्टात आला असे मानतात. आरपीजी वर्षात होत नाही. वर्षभर न वापरला तरी हक्क संपणार नाही, असे वाक्य करारात आहे की नाही ते वकिलाकडून तपासून घ्या.

मोबदलाही न्याय्य ठेवा. सापकोव्स्की यांनी गेमच्या नफ्यातला वाटा न घेता एकरकमी पैसे घेतले होते. गेम जगभर गाजल्यावर 2018 मध्ये त्यांच्या वकिलांनी कंपनीकडे किमान सहा कोटी झ्लॉटींची (पोलंडचे चलन) मागणी केली, आणि 2019 च्या डिसेंबरात दोन्ही पक्षांत नवा करार झाला. लेखक एकरकमी पैशांवर तयार असला तरी त्याला विक्रीतला छोटा वाटा देऊ करा. तो पुढची अनेक वर्षे तुमच्या बाजूने उभा राहील.

सरावासाठी परवानगीची वाट पाहत बसण्याची मात्र गरज नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुले होते. नाथमाधवांचे निधन 1928 मध्ये झाले, त्यामुळे ‘वीरधवल’सारख्या त्यांच्या अद्भुतरम्य कादंबरीवर तुम्ही आजच काम सुरू करू शकता. नव्या आवृत्तीतली चित्रे आणि प्रस्तावना तेवढ्या घेऊ नका, कारण त्यांचे हक्क वेगळे असतात.

नोकरीसाठी अर्ज करताना तीन खंडांचा आराखडा पाठवू नका. तो कोणी उघडत नाही. एक गाव, पाच-सहा माणसे आणि पुस्तकातून काढलेला एकच नियम असा अर्ध्या तासाचा खेळ करा, तो इच डॉट आयओ या छोटे गेम ठेवण्याच्या संकेतस्थळावर फुकट ठेवा आणि सोबत पानभर टिपण जोडा : मूळ पुस्तकात ही गोष्ट कुठे येते, तुम्ही तिचा नियम कसा केला, आणि चाचणीत काय बदलावे लागले. मी स्वतः आता नव्या उमेदवारांचे अर्ज वाचते, तेव्हा सर्वांत आधी या टिपणाचा तिसरा भाग पाहते.