‘ग्धा’ पेटेना: जुन्या निऑन पाटीवरचं माझं पहिलं काम

आयटीआयमधून वायरमन होऊन बाहेर पडलो, तेव्हा निऑनचा, म्हणजे वायू भरलेल्या काचेच्या नळ्यांनी उजळणाऱ्या पाट्यांचा, मला गंधही नव्हता. एका काचकाम करणाऱ्या काकांच्या हाताखाली लागलो आणि महिन्याभरात गिरगावातल्या एका दुकानाची पाटी आली: ‘दुग्धालय’, लाल निऑन, मालकांच्या आजोबांच्या काळची. आधी येऊन गेलेल्या दोघांनी ‘सगळ्या नळ्या गेल्या, एलईडी लावा’ असं सांगितलं होतं.

सगळ्या नळ्या गेल्या नव्हत्या. निऑनची अक्षरं एकामागोमाग एक, सिरीजमध्ये जोडलेली असतात. दिवाळीच्या जुन्या माळेसारखं, एक गेलं की सगळं अंधारात. काकांनी मेन बंद केला, जोडण्या सोडवल्या आणि स्पार्क टेस्टर, म्हणजे ठिणगी देऊन नळी शाबूत आहे का ते दाखवणारं हातातलं यंत्र, एकेका अक्षराला लावला. ‘दु’ उजळला, ‘ल’ आणि ‘य’सुद्धा. ‘ग्धा’ तेवढा ढिम्म. काचेला केसासारखी बारीक चीर गेली होती. चाचणी न करता जुनी काच कधीही भंगारात टाकू नका. चांगली बनवलेली नळी कित्येक दशकं टिकते. समुद्राजवळच्या पाट्यांमध्ये खोट बहुतेक वेळा काचेबाहेरच सापडते. चिनीमातीच्या आधारांवर खारट धूळ बसते, पावसाळ्यात त्यावरून वीज गळते, किंवा ट्रान्सफॉर्मर दगावलेला असतो.

हा ट्रान्सफॉर्मर 15,000 व्होल्टपर्यंत जातो. मी वायरमन होतो, 230 व्होल्टची सवय होती, आणि तीच सवय इथे घात करते. पहिलं वर्ष चालू पाटीला हात लावायचा नाही, ही काकांची अट होती.

माझी चूक मात्र विजेत झाली नाही. पत्र्यावरची काजळी पुसायला मी थिनर घेतलं आणि कोपऱ्यातली पेंटरची बारीक सही बोळ्यावर उतरली. काका रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “ती आता कोण करणार रे?” तेव्हापासून आधी फोटो, मग साबणाचं कोमट पाणी, तेही आधी मागच्या बाजूला लावून बघायचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा सँडपेपर अजिबात नाही.

नवा ‘ग्धा’ वळताना बघणं हीच माझी खरी शाळा. नमुना उलटा, आरशातल्यासारखा काढतात, कारण काच वळवताना अक्षराचं तोंड टेबलाकडे असतं. देवनागरीत जोडाक्षर आलं की नळी मागून फिरवून आणावी लागते आणि तो मागचा भाग काळ्या रंगाने झाकतात. तोंडात रबरी नळी, ज्योतीवर काच. वाकताना ती चपटी होऊ नये म्हणून हलकी फुंकर. मग हवा काढून नळीतून जोरदार करंट सोडतात. काच इतकी तापते की वर ठेवलेला कागद करपतो, आतली घाण सुटते, आणि पुन्हा निर्वात करून गार झाल्यावर थोडासा निऑन भरतात. जॉर्ज क्लोदने 1910 मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑन दाखवला. मूळ कृती आजही साधारण हीच आहे.

निळ्या पाटीवर काम आलं तर जास्त जपा. त्यात आर्गॉनबरोबर पाऱ्याचा थेंब असतो. नळी फुटली तर झाडू मारू नका; खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा, पारा हातमोजे घालून गोळा करा.

तार आणि चिनीमातीचे आधार लोहार चाळीत, मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, मिळाले. काच वळवणारे हात मात्र दुकानात मिळत नाहीत, आणि आहेत त्यांतले बरेच वयस्कर. शिकायचं असेल तर वायरमनचा दाखला आधी मिळवा आणि त्या माणसांपैकी एखाद्याकडे पाट्या उचलायला का होईना, पण लवकर जा. पाटी उघडून बघितल्याशिवाय खर्चाचा आकडाही सांगू नका. मी एकदा सांगितला आणि पदरचे घातले.

आठवड्याने ‘दुग्धालय’ पेटलं. मालकांच्या आई रस्त्यापलीकडे जाऊन बघत होत्या. म्हणाल्या, “‘ग्धा’ जरा जास्तच झगझगतोय.” खरंच होतं. जुन्या नळ्यांशेजारी नवी उठून दिसते. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं असतं, ते मी त्या संध्याकाळी शिकलो.