राणी दिसत नाही? मधपेटी तपासताना या चुका टाळा

खानापूर-जांबोटीकडे किंवा बेळगावात परसात सातेरीच्या, म्हणजे देशी मधमाशीच्या, पेट्या ठेवणारे बरेच जण एकच घोळ घालतात: राणी दिसली नाही की ती गेलीच असं धरून चालतात. सातेरी मुळात बुजरी. धूर जरा जास्त झाला की माश्या फ्रेमवरून (पोळं धरणाऱ्या चौकटीवरून) पळून कोपऱ्यात लोंबतात, राणीही त्यातच दडते.

म्हणून राणी नको, अंडी शोधा. ऊन पाठीवर घ्या, फ्रेम थोडी तिरपी धरा. पोळ्यातल्या घराच्या, म्हणजे एकेका कप्प्याच्या, तळाला तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी काडी दिसेल. अंडं तीन दिवसांत फुटतं, त्यामुळे एका घरात एकच अंडं, तेही तळाच्या मध्यावर दिसलं तर राणी परवा-तेरवापर्यंत नक्की होती. पेटी बंद करा.

अंडी नसतील तरी विकतची राणी आणायला धावू नका. शेजारच्या पेटीतली अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेली एक फ्रेम माश्या हलकेच झाडून इथे घाला. राणी नसेल तर माश्या त्यावर लवकरच राणीघरं (नवी राणी वाढवायचे मोठे कप्पे) बांधायला घेतात. बांधली नाहीत तर राणी बहुधा आतच आहे.

राणीघरं दिसली की काही जण लगेच चाकू काढतात! कडेला लोंबणारी बरीच असतील तर थवा निघायची, म्हणजे बऱ्याच माश्या राणीसह पेटी सोडून जायची, तयारी असू शकते, पण पोळ्याच्या मधोमध असलेली दोन-चार म्हणजे माश्यांची स्वतःची दुरुस्ती. ती मोडलीत तर पेटी तुम्हीच बुडवलीत. अंड्यापासून राणी व्हायला साधारण 16 दिवस, मग मीलन आणि अंडी घालणं. तेवढे दिवस रोज झाकण उघडून बघायचा मोह आवरा.

एका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली? कामकरी माश्या अंडी घालायला लागल्यात. त्यातून फक्त नर निघतात. सातेरीत हे फार लवकर होतं. इथे नवी राणी सोडली तर बहुतेक वेळा मारली जाते. अशी पेटी राणी असलेल्या दणकट पेटीत जोडलेली बरी: संध्याकाळी दोन्हींमध्ये वर्तमानपत्राचा कागद, त्याला टाचणीने भोकं. कागद कुरतडेपर्यंत वास एक होतो.

जुलै-ऑगस्टमध्ये राणी गेली तर प्रयोग करूच नका. कणकुंबीच्या त्या पावसात कोवळी राणी उडणार कधी, आणि नर तरी कुठून येणार? सरळ पेटी जोडा.