नाशिकहून न्यूझीलंड: मोटरहोमने दोघांची किनाऱ्याकाठची सफर कशी करावी

पहिल्याच रात्री मी वरणाला फोडणी दिली आणि गाडीतला धुराचा अलार्म बोंबलायला लागला. हे स्टुलावर चढून त्याचं बटण शोधतायत, माझ्या एका हातात पळी आणि दुसऱ्या हातात टॉवेल, आणि शेजारच्या गाडीतल्या आजी बॅटरी घेऊन दारात उभ्या. नंतर कळलं की छतावरची खिडकी आधी उघडायची, पंखा लावायचा आणि मगच मोहरी टाकायची.

मोटरहोम, म्हणजे आत राहायची सगळी सोय असलेली गाडी, चालवणं तसं जमून जातं. तिच्यात संसार मांडायला मात्र शिकावं लागतं, आणि हा भाग कुणी नीट सांगत नाही. म्हणून हा लेख. आम्ही नाशिकचे, दोघंही पन्नाशी ओलांडलेले. पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

कुठे आणि कधी

न्यूझीलंडचं दक्षिण बेट निवडा. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, हे पहिलं कारण. अनोळखी देशात सात मीटर लांबीचं धूड आणि वर उजवी बाजू, असा दुहेरी ताण कशाला? तिथले ऋतू आपल्या उलट. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, पण जानेवारीअखेरपर्यंत तिकडच्या शाळांना सुट्टी असते आणि कॅम्पच्या जागा भरलेल्या असतात. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च सगळ्यात बरा. आपल्याकडे तेव्हा द्राक्षांची काढणी जोरात असते, त्यामुळे बागाईतदारांना ते जमणार नाही. त्यांना सुट्टी नेमकी कधी असते, हा वेगळाच विषय आहे.

बारा दिवस धरा. क्राइस्टचर्चला गाडी घ्यायची, उत्तरेला कायकोरापर्यंत जायचं, परत खाली येऊन ओमारू, मोराकी, डनिडन आणि शेवटी कॅटलिन्स. परतीसह साधारण पंधराशे किलोमीटर होतात. 'एवढ्या लांब जातोय तर पश्चिम किनाराही करून टाकू' असं कुणीतरी म्हणेलच. करू नका.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टला आधी व्हिजिटर व्हिसा काढावा लागतो. तिकीट काढायच्या आधी त्याच्या मागे लागा. आपलं स्मार्ट कार्ड लायसन्स इंग्रजीत असलं तर तिथे चालतं, तरी आंतरराष्ट्रीय परवाना काढाच. गाडी देणारे काउंटरवर तो मागू शकतात, आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो. परिवहनच्या वेबसाइटवर अर्ज करायचा. पासपोर्ट, व्हिसा, लायसन्स लागतं. परवाना वर्षभर चालतो. दोघांचाही काढा. माझा काढायला हे आधी कुरकुरले. कॅटलिन्समध्ये यांची पाठ धरली तेव्हा तोच परवाना कामी आला.

गाडी कोणती

दोघांसाठी दोन किंवा तीन माणसांची गाडी पुरते. चार गोष्टी बघा: गिअर ऑटोमॅटिक, आत उभं राहता येईल एवढी उंची, आतच संडास-बाथरूम, आणि एकूण वजन ३५०० किलोच्या आत. वजन त्याच्या वर गेलं की मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० ऐवजी ९० किलोमीटरची मर्यादा लागते. पलंग रोज घालावा-मोडावा लागतो की कायमचा आहे, हेही विचारा. रोज रात्री टेबल काढून त्याच्यावर गाद्या रचणं तीन दिवस मजेचं वाटतं.

भाड्यापलीकडचे दोन खर्च आधीच हिशेबात धरा. एक म्हणजे विमा. जादा विमा घेतला नाही तर क्रेडिट कार्डवर मोठी रक्कम अडकवून ठेवतात. दुसरा डिझेलचा. पंपावर डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त दिसतं, कारण तिथे डिझेलवरचा रस्ताकर पंपावर नाही, किलोमीटरप्रमाणे वेगळा घेतात. गाडी परत करताना मीटर बघून तो तुमच्याकडून वसूल होतो.

निघण्याआधी नाशिकमध्ये

ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याची टेम्पो ट्रॅव्हलर एका रविवारी सकाळी घ्या आणि मोकळ्या मैदानात फक्त रिव्हर्स करा. खरा सराव मागे उभ्या राहणाऱ्याचा असतो. त्याने आरशात दिसेल अशाच जागी उभं राहायचं, आणि ओरडायचं नाही, हाताने दाखवायचं. 'येऊ द्या, येऊ द्या' बंद गाडीत ऐकूच येत नाही. पंजा दाखवला की थांबायचं, एवढी एकच खूण पक्की ठरवा. निम्मी भांडणं तिथेच वाचतात.

खाण्याचं सामान

न्यूझीलंडचं जैवसुरक्षा खातं फार कडक आहे. उतरण्याआधी ऑनलाइन प्रवासी घोषणापत्र भरावं लागतं. खाण्याची प्रत्येक वस्तू त्यात लिहा, अगदी पर्समधली बडीशेपसुद्धा. लिहिलेली वस्तू चालण्यासारखी नसली तर फार तर टाकून देतात. लपवलेली सापडली तर जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. ताजी फळं, मध, घरचं तूप नकोच. बुटांच्या तळव्यांना माती नको. बागेत किंवा गोठ्यात घातलेले बूट असतील तर ब्रशने घासून धुऊन न्या, आणि ते विचारतात तेव्हा खरं सांगा.

मुळात डाळ-तांदूळ न्यायची गरजच नाही. क्राइस्टचर्चमध्ये भारतीय वाण्याची दुकानं आहेत. तूरडाळ, कणीक, हिंग सगळं मिळतं. मी नेला तो फक्त बंद पाकिटातला गोडा मसाला आणि नाशिकचा चिवडा. दोन्ही लिहिले, अधिकाऱ्याने हातात घेऊन पाहिले आणि परत दिले.

गाडी ताब्यात घेताना

हा अर्धा दिवस मोकळा ठेवा. माणूस पाणी, गॅस, बॅटरी, हीटर असं सगळं वीस मिनिटांत भराभर दाखवतो आणि विमानाच्या शिणवट्यात त्यातलं काही डोक्यात शिरत नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढा. गाडीवरच्या ओरखड्यांचेही फोटो घ्या. गाडीची उंची मीटरमध्ये कागदावर लिहून समोर चिकटवा. पेट्रोलपंपाचं छत आणि पार्किंगची कमान पुढे आली की ती आठवत नसते.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो. युरोपीय बनावटीच्या व्हॅनमध्ये तो डावीकडे. त्यामुळे पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर आमचे वायपर चालू.

रस्त्यावर

दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर, आणि चार वाजता मुक्कामी. हा नियम मोडू नका. नकाशावरचे दोन तास मोटरहोमला तीन तास असतात.

हॉर्न कुणी वाजवत नाही. त्यामुळे मागे आठ गाड्यांची रांग लागली तरी तुम्हाला कळत नाही. दर दोन-चार मिनिटांनी आरसा बघा आणि जागा मिळेल तिथे डावीकडे थांबून सगळ्यांना जाऊ द्या. चौकातल्या गोल चक्करला उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट. 'स्टॉप' लिहिलं असेल तर चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता मोकळा असला तरीही. सिग्नल लाल असताना डावीकडेही वळायचं नाही.

आणि एकेरी पूल. पुलाआधी पाटी असते. तुमच्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर थांबायचं. निळ्या पाटीवर तुमचा बाण मोठा पांढरा असेल तर आधी तुम्ही. पहिल्या पुलावर मी ओरडले, "अहो, लाल आपला आहे!" हे थांबले. समोरून लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक आला, ड्रायव्हरने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं आणि गेला. तिथला राम राम तो.

संडासाची पेटी

सगळे हा विषय टाळतात, म्हणून सविस्तर सांगते. गाडीच्या संडासाखाली चाकं लावलेली पेटी असते. दर दोन दिवसांनी ती 'डम्प स्टेशन'वर, म्हणजे गाड्यांची घाण ओतायच्या ठरलेल्या जागी, रिकामी करायची. हातमोजे घाला. गाडीच्या बाहेरच्या बाजूचं छोटं दार उघडा, खटका दाबून पेटी ओढा, हँडल काढून प्रवासी बॅगेसारखी ओढत न्या. तोंडाची नळी बाहेर वळवा, टोपण काढा. आता महत्त्वाचं: ओतताना हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं. नाही दाबलं तर आत हवा अडकते, गचके बसतात आणि शिंतोडे पँटवर. मग पाणी घालून दोनदा खळखळा, पुन्हा ओता, निळं औषध आणि थोडं पाणी घालून पेटी जागेवर सरकवा. पाच मिनिटांचं काम.

तिथल्या पेटी धुण्याच्या नळाचं पाणी पिण्याच्या टाकीत कधीही भरू नका. पिण्याचा नळ वेगळा असतो आणि त्यावर तसं लिहिलेलं असतं. भांड्यांचं सांडपाणीही रस्त्याकडेला सोडायचं नाही, तेही इथेच.

कामं वाटून घ्या. आमच्यात पेटी यांची आणि निघण्याआधीची फेरी माझी: गॅस बंद, छताची खिडकी बंद, विजेची वायर काढली, फ्रिजची कडी लावली, कपाटं खट् झाली. एकदा एक कपाट खट् झालं नाही. पहिल्याच वळणावर तूरडाळीचा डबा उडाला, आणि परतीच्या दिवसापर्यंत गालिच्यात डाळ सापडत होती.

रात्री कुठे

दिसली मोकळी जागा की लावली गाडी, असं चालत नाही. फुकटच्या जागी राहायचं तर गाडीला 'सेल्फ-कंटेन्ड', म्हणजे पाणी-संडासाची सोय आतच असल्याचं, प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी संडास पक्का बसवलेला असावा लागतो. शिवाय प्रत्येक भागाचे नियम वेगळे. पाटी वाचा, नाहीतर दंड. आम्ही दोन रात्री वनखात्यासारख्या सरकारी संवर्धन खात्याच्या साध्या कॅम्पवर आणि तिसरी रात्र हॉलिडे पार्कमध्ये, असा ताल ठेवला. पार्कमध्ये वीज, गरम पाणी, कपडे धुण्याचं मशीन आणि मोठं सामायिक स्वयंपाकघर असतं. मिरच्यांची फोडणी तिथे द्या.

वाटेत काय

कायकोराला जाताना वाइपाराच्या द्राक्षबागा लागतात. काढणीआधी ओळीच्या ओळी पाखरांसाठी जाळीने झाकलेल्या. नाशिककराची गाडी आपोआप थांबते. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला फळाची. तिकडे थंडीत वेल स्वतःच झोपतो, म्हणून छाटणी एकदाच. हे ऐकून यांनी लगेच निफाडच्या मेहुण्याला व्हिडिओ कॉल लावला.

कायकोरा म्हणजे माओरीत 'शेवंड खाणं'. किनाऱ्याजवळच समुद्राचा तळ एकदम खोल जातो, म्हणून स्पर्म व्हेल बारा महिने दिसतात. १४ नोव्हेंबर २०१६ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने इथला समुद्रतळ वर उचलला गेला आणि उत्तरेकडचा महामार्ग वर्षभराहून जास्त काळ बंद होता. ओहोटीला उघडे पडणारे पांढरे खडक बघताना ते लक्षात ठेवा. खडकांवर सील लोळत असतात, त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये उभं राहू नका.

ओमारूला जगातले सगळ्यात छोटे पेंग्विन अंधार पडताना किनाऱ्यावर येतात, उंची जेमतेम एक फूट. संध्याकाळी गाडी काढण्याआधी चाकांखाली वाकून बघा. मोराकीचे गोल दगड ओहोटीलाच बघण्यासारखे, त्यामुळे भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्री काढून ठेवा. डनिडनचे चढ फार तीव्र आहेत. मोटरहोम हॉलिडे पार्कमध्ये ठेवून बसने फिरा.

कॅटलिन्सला जाण्याआधी बालक्लुथाला टाकी भरा, पुढे पंप मोजके. बरेच पंप बिनमाणसांचे, कार्ड आणि पिनवर चालणारे. कार्डाचा परदेशी वापर बँकेकडून आधीच सुरू करून घ्या. क्युरिओ बेला ज्युरासिक काळातल्या जंगलाचे दगड झालेले बुंधे समुद्रात आडवे पडलेत, तेही ओहोटीलाच दिसतात. तिथे पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन दिसला तर लांबूनच बघा. पाच डॉलरच्या नोटेवर आहे तोच हा. स्लोप पॉइंट हे या बेटाचं दक्षिण टोक. वाऱ्याने झाडं एकाच दिशेला वाकलीत, आणि गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरावं लागतं. वाऱ्याने दार उलटलं तर नुकसान तुमच्याच खात्यावर जाऊ शकतं, करार वाचा. कच्च्या रस्त्यांबद्दलची अटही त्यातच असते.

परत करताना

आदल्या रात्री क्राइस्टचर्चजवळच्या पार्कवर राहा. डिझेल भरा, पेटी आणि सांडपाणी रिकामं करा, उरलेली कणीक-डाळ पार्कच्या स्वयंपाकघरातल्या फुकट वाटपाच्या फळीवर ठेवा. आम्ही हळदीची पुडीही ठेवली होती. सकाळी निघताना एक जर्मन मुलगी ती पुडी उघडून वास घेत होती. किती घालायची, म्हणून तिने विचारलं. मी चिमूट करून दाखवली.