स्केल्ड अजाइल घ्यायचं का? ठरवण्याआधीची तयारी

स्केल्ड अजाइल म्हणजे एकाच सॉफ्टवेअर उत्पादनावर अनेक टीमनी छोट्या टप्प्यांत, एकमेकांशी जुळवून काम करायची पद्धत. त्यासाठी कोणतं फ्रेमवर्क (तयार चौकट) घ्यायचं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. आधी एकाच उत्पादनावर नेमक्या किती टीम काम करतात ते मोजा. दहा टीम असल्या, पण प्रत्येकीचं उत्पादन वेगळं असेल, तर त्यांना एकत्र बांधायचं कारणच नाही. दोन टीम असतील, तर रोज थोडा वेळ एकमेकांशी बोलणं बहुतेकदा पुरतं.

मग अडकलेली कामं बाहेर काढा. याला अर्धा दिवस द्याच, कारण खरं उत्तर इथेच मिळतं. गेल्या तीन स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक मुदतीच्या फेऱ्यांमध्ये) राहून गेलेल्या प्रत्येक स्टोरीची, म्हणजे कामाच्या छोट्या तुकड्याची, चिठ्ठी करा, ती तिच्या टीमच्या नावाखाली भिंतीवर लावा आणि ती ज्यांच्यासाठी थांबली होती तिथपर्यंत दोरा ओढा. सगळे दोरे एकाच ठिकाणी जमताना मी अनेकदा पाहिलंय: डेटाबेस सांभाळणारी टीम, नाहीतर सगळ्यांत मिळून असलेलं एकच टेस्टिंग एन्व्हायर्नमेंट (सॉफ्टवेअर तपासून बघायची यंत्रणा). तुमच्याकडेही तसंच दिसलं, तर आधी ती गाठ सोडवा. डेटाबेसचं काम जाणणारा माणूस उत्पादनाच्या टीममध्येच बसवा, वेगळं एन्व्हायर्नमेंट उभं करा. संस्थेत संवाद जसा चालतो तशीच तिच्या सिस्टिमची रचना होते, हे संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं. दोरे सगळीकडे पसरलेले असतील, तरच पुढे जा.

एका टीमला तरी स्प्रिंटअखेर चालतं सॉफ्टवेअर देता येतं का, तेही तपासा. कोड रोज एकत्र होत नसेल, टेस्ट हातानेच चालत असतील, तर आठ टीम एकत्र आल्यावर तोच त्रास आठपटीहून जास्त होतो.

प्राधान्यक्रम कोण ठरवतं? नेक्सस आणि लेस या दोन्ही फ्रेमवर्कमध्ये एका उत्पादनाला एकच प्रॉडक्ट ओनर (कोणतं काम आधी ते ठरवणारा माणूस) आणि एकच बॅकलॉग (करायच्या कामांची क्रमवार यादी) लागतो. तुमच्याकडे ‘हे आत्ता नको’ असं विभागप्रमुखांना सांगायचा अधिकार कुणाला आहे, त्या माणसाचं नाव कागदावर लिहा. नाव लिहिता येत नसेल, तर निर्णय पुढे ढकला.

वेळेचा हिशेबही मांडा. सेफ या आणखी एका फ्रेमवर्कमध्ये एका रिलीज ट्रेनमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या टीमच्या गटात, साधारण ५० ते १२५ माणसं असतात, आणि दर ८ ते १२ आठवड्यांनी सगळी मिळून प्रायः दोन दिवस नियोजनाला बसतात. १०० माणसं धरली तर एका वेळचे २०० मनुष्यदिवस झाले. वरिष्ठांना हा आकडा आधीच दाखवा आणि त्या दोन दिवसांत ते स्वतः हजर राहणार का, ते स्पष्ट विचारा.

आता फ्रेमवर्क. नेक्सस साधारण तीन ते नऊ टीमसाठी आहे. लेस दोन ते आठ टीमसाठी, त्यापुढे लेस ह्यूज ही त्याचीच मोठी आवृत्ती. सेफमध्ये भूमिका आणि बैठका जास्त, म्हणून मी ते शेवटी बघेन.

पटलं, तर एकाच उत्पादनावर करून बघा. कल्पना सुचल्यापासून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत आज किती दिवस लागतात, ते सुरुवातीलाच नोंदवा. सहा महिन्यांनंतरची आढाव्याची तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका, आणि कोणता आकडा दिसला तर प्रयोग थांबवायचा, तेही त्याच नोंदीत लिहा.