टीव्ही टांगण्याआधी भिंत ओळखा

टीव्ही बसवायला गेलो की मी आधी भिंत बघतो, ब्रॅकेट नंतर. कोपऱ्यात ब्रॅकेटमागे झाकलं जाईल असं एक बारीक भोक पाडा. प्लास्टर ओलांडल्यावर लाल भुकटी आली तर वीट, करडी आली आणि ड्रिल कष्टानं आत गेलं तर काँक्रीट. पांढरी किंवा फिकट करडी आली आणि ड्रिल लोण्यासारखं आत गेलं, तर एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेले हलके सिमेंटचे ठोकळे. नव्या इमारतींत हेच फार असतात आणि त्यांत साधा रॉल प्लग (स्क्रू धरायला भोकात घालायची प्लास्टिकची नळी) सैल पडतो. एएसीसाठीचेच अँकर, म्हणजे भिंतीत पकड घेणारे बोल्ट किंवा प्लग घ्या, भोक पाडताना ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके मारत फिरणं, बंद ठेवा.

ब्रॅकेट घेताना टीव्हीमागच्या चार भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा: २०० बाय २००, ४०० बाय ४०० वगैरे. ते आणि टीव्हीचं वजन ब्रॅकेटच्या खोक्यावर जुळलं पाहिजे. बाहेर ओढायचा हात असलेलं ब्रॅकेट भिंतीला जास्त खेचतं. एएसीवर ते मी लावत नाही, चपटं फिक्स्डच बरं.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक नको, तिथून वायरींचा पाइप जातो. मेन स्विच बंद करूनच ड्रिल लावा, ड्रिलला वीज शेजारून घ्या.

सोफ्यावर बसून डोळ्यांची रेषा भिंतीवर आखा, पडद्याचा मध्य तिथेच. लेव्हल (बुडबुड्याची पट्टी) लावून खुणा करा, भोकातली धूळ फुंकून काढा, बोल्ट घट्ट आवळा. टीव्ही चढवण्याआधी रिकामं ब्रॅकेट दोन्ही हातांनी जोरात खाली ओढा. जराही हललं तर टीव्ही लावू नका. चढवताना दोघं हवेत.